पोळ्याला सुरू होणारं नाक: सर्दी, सायनस की ॲलर्जी?

पत्र

डॉक्टरताई, मी पाचोरा तालुक्यातल्या एका गावातली. वय अडतीस, घरी कोरडवाहू शेती, बहुतेक कपाशी. पोळा झाला की माझं नाक सुरू होतं ते चंपाषष्ठीपर्यंत थांबत नाही. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग, नाकातून नुसतं पाणी, डोळे आणि टाळू खाजतात. गावातले डॉक्टर दर वेळी ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या आणि एक इंजेक्शन देतात. दोन-चार दिवस बरं वाटतं, परत तेच. गेल्या महिन्यात घरात सगळ्यांना सर्दी झाली. बाकीचे आठवड्यात बरे झाले. मीही होत आले होते, पण सहाव्या दिवशी उलटलं: ताप, उजव्या गालात ठणका, वरच्या दाढा दुखायला लागल्या, शेंबूड हिरवट. तालुक्याला एक्स-रे काढला, ‘सायनस’ आहे म्हणाले. त्या गोळ्यांनी ठणका गेला, पण शिंका आणि पाणी आहेच. जाऊबाई म्हणतात, आता ऑपरेशनच. नाकात टाकायचे थेंब दोन महिने रोज टाकतेय, त्याशिवाय झोप लागत नाही. मुलगी नऊ वर्षांची, तीही सारखी नाक चोळते. सासूबाई काढा देतात, तो चालू ठेवू का? आणि मला नक्की आहे तरी काय?

उत्तर

ताई, सरळ उत्तर आधी देते. तुम्हाला मुळात ॲलर्जी दिसते. गेल्या महिन्यात तिच्यावर घरातली साधी सर्दी चढली, आणि त्या सर्दीतून उजव्या गालाच्या सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, जंतुसंसर्ग झाला. म्हणजे तिन्ही झालं, पण तिन्हींची वेळ वेगळी आणि औषधही वेगळं. चौथं एक दुखणं थेंबांच्या बाटलीतून आलंय, त्याबद्दल पुढे लिहिते. पत्रावरून नाक तपासता येत नाही, तेव्हा हे सगळं प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवून पडताळून घ्या. पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान पत्रातच झालंय.

आपल्याकडे लोक रुमालात बघून ठरवतात. पाणी असेल तर सर्दी, पिवळं-हिरवं दिसलं की ‘इन्फेक्शन’ आणि मेडिकलवरून तीन गोळ्यांचं पाकीट. माझ्या मते या एका समजुतीने जेवढी अँटिबायोटिकं फुकट खपली, तेवढी दुसऱ्या कशानेच नसतील. हिरवट रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्यामुळे येतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतो, आणि मग आपोआप निवळतो. रंग बघू नका असं म्हणत नाही, पण नुसत्या रंगावर गोळी घेऊ नका. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: खाज आहे का, आणि आज कितवा दिवस आहे?

सर्दीचा प्रवास ठरलेला असतो. आधी घसा खवखवतो, अंग कसकसतं, मग नाक गळायला लागतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. मोठ्या माणसाला ताप आलाच तर बारीक. सात ते दहा दिवसांत उतार पडतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. आणि मुख्य म्हणजे ती घरात फिरते. तुमच्या घरात जशी सगळ्यांना झाली तशी. एकदम दणकून ताप, हातपाय गळून जाणं, अंग मोडून येणं असेल तर तो बहुधा फ्लू किंवा कोविड. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांपासून लांब राहायचं आणि श्वास लागला तर थांबायचं नाही. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पाणी, विश्रांती, तापाला पॅरासिटामोल, एवढंच त्याचं औषध.

जाता जाता एक. आपल्या जळगाव जिल्ह्यात केळी पिकते आणि आपल्याच घरांत ‘केळं खाल्लं म्हणून सर्दी झाली’ असं ऐकायला मिळतं. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. मुलीचं केळं बंद करू नका. केळं खाल्लं की ओठ-जीभ-टाळू खाजत असेल तर गोष्ट वेगळी. परागकणांची ॲलर्जी असलेल्या काही जणांना तसं होतं, ते डॉक्टरांना सांगावं.

आता ॲलर्जी. तिची खूण म्हणजे खाज. नाकात, डोळ्यांत, टाळूला, कधी कानाच्या आत. शिंका एकेक येत नाहीत, माळ लागते. नाकातून पाणी, आणि ताप नाही. ताप असेल तर दुसरं काहीतरी चाललंय असं समजा. ती आठवड्यात बरी होत नाही, कारण हवेत जे आहे ते आठवड्यात जात नाही. घरात एकाला होते, शेजारी झोपणाऱ्याला लागत नाही. बहुतेक वेळा घराण्यात कुणाला तरी दमा, इसब किंवा असंच ‘कायमचं पडसं’ असतं. तुम्ही आईकडे विचारून बघा.

पोळ्यानंतर खानदेशात हवेत काय काय असतं ते तुमच्याच डोळ्यांसमोर आहे. बांधावर आणि गावठाणाच्या कडेला गाजर गवत कमरेइतकं वाढून पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेलं असतं. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण आता प्रत्येक शिवारात आहे, आणि त्याचे परागकण नाकाला आणि कातडीला, दोन्हींना त्रास देतात. ज्वारी, बाजरी, मका आणि गवतं निसवली की त्यांचेही कण वाऱ्यावर असतात. कपाशीचा परागकण त्या मानाने जड, फारसा उडत नाही. पण वेचणीच्या वेळी बोंडाखालची वाळलेली पानं हाताखाली चुरडतात आणि तो चुरा उडतो. पावसाळ्याची ओल धरून भिंतीवर बुरशी आलेली असते ती वेगळीच. यांतलं तुमचं नेमकं कोणतं, ते कातडीवरच्या टोचणीच्या चाचणीने बऱ्यापैकी कळतं. पण चाचणीशिवायही उपचार सुरू करता येतात, त्यासाठी अडून बसू नका. रक्तातून ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी’ तपासून देणारी महागडी पॅकेजं तर मुळीच करू नका. त्यातून वांगं, डाळ, दूध बंद करायची यादी हातात येते आणि नाक गळतच राहतं.

आणखी एक तुम्ही लिहिलं नाही, पण विचारायलाच हवं. भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस घरात साठवता का? आपल्याकडे किती घरांत दिवाळीनंतर पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असते आणि माणसं उरलेल्या जागेत त्याच्याच कडेला गोधडी टाकून झोपतात. कुणी पोरगं गंजीवर उडी मारतं आणि दुपारच्या कवडशात धूळ दिसते. तुमची पहाटेची शिंकांची रांग त्या खोलीत झोपल्यावर वाढते का, एवढं आठवडाभर बघा. वाढत असेल तर कापूस विकेपर्यंत झोपायची खोली बदलणं हे कुठल्याही गोळीपेक्षा मोठं औषध. गोठ्याकडची किंवा गच्चीवरची खोली चालेल, फक्त ती ओलसर नको.

उन्हाळ्यात त्रास नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पण ज्यांचं नाक चैत्र-वैशाखात वाहतं त्यांनी आधी कूलरकडे बघावं. गेल्या वर्षीचं गवत तसंच ठेवून, टाकीतला गाळ न काढता कूलर सुरू केला की पहिल्या रात्रीपासून बुरशीचा वास आणि शिंका. गवत दर वर्षी नवं घालावं, टाकी दर आठवड्याला घासावी.

नंदुरबार-दोंडाईच्याच्या मिरचीच्या पथारीवर जो ठसका लागतो, फोडणीच्या खाटेने किंवा पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली खोडं) जाळल्याच्या धुराने नाक गळतं, ती ॲलर्जी नव्हे. ती नुसती आग आहे, कुणालाही होईल. जागा बदलली की थांबते. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना मात्र ती दुप्पट झोंबते.

आता तो उजवा गाल. डोळ्याखाली, गालाच्या हाडात जी हवेची पोकळी आहे तिच्या तळाला वरच्या दाढांची मुळं टेकलेली असतात, म्हणून तुमच्या दाढा दुखल्या. आणि तिचं नाकात उघडणारं तोंड तळाशी नसून वर आहे, जणू मोरीचं भोक जमिनीलगत न ठेवता खिडकीच्या उंचीवर ठेवलं. ते तोंड आहेच बारीक. ॲलर्जीने नाकातलं अस्तर आधीच सुजलेलं, त्यात सर्दीची सूज. तोंड बंद झालं की आतला द्राव साचतो आणि जंतूंना आयती जागा मिळते. ॲलर्जीवाल्यांची सर्दी उलटायची भीती म्हणूनच थोडी जास्त.

पण सर्दीनंतर सायनस भरल्यासारखं वाटणं आणि जंतुसंसर्ग होणं यात फरक आहे. सर्दी झालेल्या शंभर मोठ्या माणसांत जंतूंचा खरा सायनस संसर्ग एक-दोघांनाही जेमतेम होतो. तो ओळखायच्या तीन वाटा डॉक्टर धरतात. दहा दिवस होऊन गेले आणि जराही उतार नाही, ही एक. सुरुवातीलाच १०२ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, सोबत घट्ट पू किंवा गालात ठणका, आणि हे तीन-चार दिवस सलग, ही दुसरी. आणि तिसरी तुमची: बरं वाटायला लागलं आणि पाच-सहा दिवसांनी एकदम उलटलं. तुमच्या त्या दुखण्याला अँटिबायोटिक योग्यच होतं. सगळ्या वर्षात बहुधा तेवढ्या एकाच वेळी ते योग्य होतं.

कोणतं दिलं होतं ते पाकिटावर बघा. सायनससाठी पहिली पसंती ॲमॉक्सिसिलिनला, बहुधा क्लॅव्हुलॅनेटबरोबर, साधारण पाच ते सात दिवस. तीन दिवसांच्या अझिथ्रोमायसिनवर, जे आपल्याकडे चॉकलेटसारखं वाटलं जातं, भरवसा ठेवू नये असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच सांगितलंय, कारण त्याला जंतू दाद देईनासे झालेत. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते.

एक्स-रेचं म्हणाल तर त्याची गरज नव्हती. १९९४ साली अमेरिकेत नुकती सर्दी लागलेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढले, तर त्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या गालाच्या पोकळ्या धूसर दिसल्या. निव्वळ सर्दी होती. दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केलेल्या बहुतेकांच्या पोकळ्या अँटिबायोटिकशिवाय स्वच्छ झाल्या होत्या किंवा बऱ्याच निवळल्या होत्या. म्हणजे सर्दीत फोटो काढला की ‘सायनस’ निघणारच. आणि तो कागद मग कपाटात जपून ठेवला जातो, दर डॉक्टरला दाखवला जातो, आणि दर डॉक्टर त्यावरून नव्या गोळ्या देतो.

ऑपरेशनचा विषय तर आत्ता बाजूलाच ठेवा. बारा आठवड्यांहून जास्त काळ नाक सलग चोंदलेलं, वास येत नाही, घट्ट स्राव, नीट औषधं घेऊनही फरक नाही आणि स्कॅनमध्ये त्याला दुजोरा, किंवा नाकात मांसल गाठी, असं असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात आणि त्याचा उपयोगही होतो. शिंका आणि खाज त्याने जात नाही. जाऊबाईंना स्वतःला डोकेदुखी असेल, तर एक सांगते: कपाळ आणि डोळ्यांमागे दुखणं, सोबत मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं, हे ज्याला लोक ‘सायनसचं डोकं’ म्हणतात ते बरेचदा मायग्रेन असतं. त्याच्या गोळ्या वेगळ्या.

आता थेंब. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं काहीतरी बाटलीवर लिहिलं असेल. हे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणूनच फसवतात. तीन ते पाच दिवसांच्या पुढे टाकले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग आणखी थेंब, मग आणखी चोंदणं. तुमची झोप जाते ती आता बऱ्याच अंशी याच थेंबांमुळे. ते सोडताना आधी एका नाकपुडीत बंद करा, दुसरीत चालू राहू द्या. पहिली मोकळी राहायला लागली की दुसरीचेही बंद करा. आठ-दहा दिवस जड जातील. त्या काळात खाली सांगितलेला फवारा चालू असेल तर सुसह्य होतं.

तो फवारा म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे: मोमेटासोन, फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड. स्टेरॉइड म्हटलं की आपले लोक दचकतात, आणि तेच लोक दर महिन्याला कसलं ते न विचारता इंजेक्शन टोचून घेतात. स्प्रेमधलं औषध अगदी थोडं असतं आणि त्यातलं रक्तात फारच कमी जातं. त्याची सवय लागत नाही. इंजेक्शनमध्ये काय होतं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते स्टेरॉइड असेल तर वारंवार घेतल्याने साखर, रक्तदाब, हाडं, सगळ्यांवर परिणाम होतो. ‘दोन-चार दिवस बरं वाटतं’ हे तुमचं वाक्य मला त्याच शंकेने खटकलं.

स्प्रे रोज मारायचा, लागेल तेव्हा नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली कोनाड्यात ठेवून देणारे बहुतेकजण इथेच चुकतात. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. हलका श्वास, जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात जातं. पुढच्या वर्षी पोळ्याची वाट बघू नका, दोन आठवडे आधी सुरू करा. खाज-शिंकांसाठी सोबत सेट्रिझिन रात्री घेतात. त्याने काहींना झोप येते, तेव्हा गोळी घेऊन मोटरसायकल, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्राजवळ जायचं नाही. दिवसा काम असेल तर फेक्सोफेनाडिनबद्दल डॉक्टरांना विचारा.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्यानेही चांगलं वाटतं, वेचणीवरून आल्यावर तर जरूर करा. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच, थेट विहिरीचं किंवा नळाचं नाही. न उकळलेल्या पाण्यातून क्वचित एक जीवघेणा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. वावरात जाताना नाकातोंडावर ओला रुमाल बांधा, आल्यावर केस आणि चेहरा धुवा. गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटलं तर उत्तम, पण ते तुम्ही नका उपटू, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून उपटावं.

मुलीच्या नाकावर, शेंड्याच्या थोडं वर, आडवी बारीक रेघ पडलीय का बघा. तळहाताने नाक वर चोळून चोळून ती पडते. डोळ्यांखाली काळसर, झोपेत तोंड उघडं, घोरणं, असं असेल तर तिलाही ॲलर्जी असायची दाट शक्यता, आणि नाकाच्या मागच्या गाठीही (ॲडिनॉइड) तपासून घ्याव्या लागतील. शाळेतल्या मुलांना वर्षात सहा-आठ सर्द्या होतात, तेही लक्षात असू द्या. रात्री खोकला किंवा छातीत सू सू आवाज असेल तर दम्याची तपासणी आधी. तुमचे डोस तिला देऊ नका. घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली बजावलंय. बाटलीच्या मागे वाचा.

काही वेळा मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, गाडी काढा. डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, मान ताठ, डोकं फुटेल असं दुखणं, बडबड, श्वास लागणं. घरात कुणाला साखर असेल आणि गाल बधिर झाला, नाकातून काळपट काही आलं, तर त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याचं मोठं रुग्णालय. २०२१ साली काळ्या बुरशीने काय केलं ते आपण पाहिलंय. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव लहान मुलाला येत असेल तर आत शेंगदाणा, मणी किंवा घड्याळाचा सेल अडकलेला असू शकतो. सेल असेल तर तासाभराचाही उशीर नको. मोठ्या माणसाला तसं होत असेल तर दाताच्या डॉक्टरांनाही दाखवावं, आणि एकाच बाजूने वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना.

राहिला सासूबाईंचा काढा. आलं, तुळस, थोडा गूळ, खुशाल घ्या. घशाला बरं वाटतं, पोटात पाणी जातं, ॲलर्जी मात्र त्याने जात नाही. वाफही घ्यायची तर मोठ्यांनीच, मुलीला उकळत्या भांड्यावर वाकवू नका, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात. काढ्यात ज्येष्ठमध घालत असतील तर एक विचारून घ्या: सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? असेल तर रोजच्या ज्येष्ठमधाने दाब वाढतो, त्यांच्या कपात ते नको.